कादंबरीतली जखम कोणाची?

आरोग्याच्या पानावर कादंबऱ्यांचे काय काम, असे विचारणारे एक-दोन निरोप येणार, याची आम्हाला कल्पना आहे. मागे रक्तक्षयावर लिहिले, डेंग्यूवर लिहिले, आणि आता थेट प्रेमकथा? पण गेले काही रविवार आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर जे चालते ते पाहून आम्हाला वाटते की हा विषय याच पानाचा आहे.

झाले असे. वस्तीतली एक मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते. ती मोबाइलवर अमेरिकन कादंबऱ्या वाचते आणि त्यांच्या गोष्टी बायकांना मराठीतून सांगते. सुरुवातीला दोघी-तिघी बसायच्या, आता सतरंजी पुरत नाही. गोष्टींचा साचा बहुतेक एकच. युद्ध संपले आहे. शिपाई घरी आला आहे, किंवा घरच उरले नाही म्हणून भटकतो आहे. रात्री दचकून उठतो, कोणाशी बोलत नाही. मग त्याला एक बाई भेटते. ती शिक्षिका असते, नर्स असते, नाहीतर युद्धात विधवा झालेली असते. ती त्याला जीव लावते, दोघे प्रार्थना करतात, देव त्याला क्षमा करतो आणि शेवटी लग्न. तिकडे या प्रकाराला ‘इन्स्पिरेशनल’ म्हणतात. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतून उभारी देणारी, आणि प्रेमकथा असूनही आईसमोर वाचता येईल अशी गोष्ट. अशाच पुस्तकांवर चालणाऱ्या प्रकाशनसंस्था तिकडे आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पोरगी कादंबरी वाचते म्हणून तिच्या हातातला मोबाइल हिसकावणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून आलेली बाई तासभर गोष्ट ऐकते, तिच्या कपाळावरची आठी उतरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असणे हासुद्धा एक विसावा आहे. ज्यांच्या आयुष्यात पुढच्या महिन्याचे भाडेसुद्धा माहीत नसते, त्यांना तो विसावा कोणी नाकारू नये. (रात्री एक वाजेपर्यंत अंधारात मोबाइल डोळ्यांपुढे धरून वाचू नका, झोप मोडते, एवढे मात्र या पानाने सांगायलाच हवे.)

आमचे म्हणणे वेगळे आहे आणि ते आम्हाला दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी शिकवले.

त्या रविवारी कॅरन विटमेयर यांच्या ‘अ‍ॅट लव्हज कमांड’ या २०२० सालच्या कादंबरीची गोष्ट चालू होती. नायक अमेरिकन घोडदळातला अधिकारी. वुंडेड नी इथे लकोटा आदिवासींवर गोळ्या चालवणाऱ्या तुकडीत तो होता. ते रक्त पाहून त्याचे मन विटते, तो देवाची क्षमा मागतो, फौज सोडतो आणि साथीदारांना घेऊन अडल्या-नडल्यांच्या मदतीला धावतो. नायिका डॉक्टर आहे, चांगली शस्त्रक्रिया करणारी. दोघांचे जुळते. सगळ्या बायका खूश. ताई तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याचं दुखणं बरं झालं, चांगलं झालं. पण त्या मेलेल्या बायांची पोरं कुठं गेली गं?”

पोरीला उत्तर देता येईना. पुस्तकाला तो प्रश्न पडलेला नाही. नायक-नायिकेची गोष्ट पुढे टेक्सासला निघून जाते आणि मेलेले लोक मागे बर्फात राहतात.

आम्ही मग शोधले. वुंडेड नीचा संहार २९ डिसेंबर १८९० चा, दक्षिण डकोटातला. मृतांचे आकडे १५० पासून ३०० पर्यंत सांगितले जातात, आणि त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. जखमींना जवळच्या पाइन रिज इथे आणले. तिथे चार्ल्स ईस्टमन नावाचा तरुण सरकारी डॉक्टर होता, स्वतः डकोटा आदिवासी. त्याच वर्षी बॉस्टनला वैद्यकीय पदवी घेऊन तो आपल्या लोकांत आला होता. जखमींसाठी चर्चमधले बाक उपटून काढले, जमिनीवर गवत आणि गोधड्या पसरल्या. नाताळची सजावट अजून उतरवलेलीही नव्हती. तिथे शुश्रूषेला उभी राहिलेली इलेन गुडेल ही गोरी शिक्षिका. मधे मोठे हिमवादळ झाले. ते ओसरल्यावर १ जानेवारीला ईस्टमन माणसे घेऊन संहाराच्या जागी गेले, कोणी जिवंत आहे का ते पाहायला. आणि होते! काही जण चौथ्या दिवशीही जिवंत सापडले. ईस्टमन आणि गुडेल यांचे लग्न त्याच वर्षी जूनमध्ये झाले. त्यांना सहा मुले झाली आणि तीस वर्षांनी दोघे वेगळेही झाले. खरी माणसे होती ती.

आता ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. चौथ्या दिवशी सापडलेल्यांत एक तान्ही मुलगी होती. आई मेलेली, आणि तिच्या गोठलेल्या शरीराखाली मूल जिवंत. तिला लकोटा भाषेत ‘हरवलेले पाखरू’ अशा अर्थाचे नाव पडले, झिंटकाला नुनी. लिओनार्ड कोल्बी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिला संहाराची निशाणी मिरवावी तशी घरी नेली आणि दत्तक घेतले. त्याची पत्नी क्लारा ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी बाई. मुलीला तिनेच वाढवले. पण मुलगी ना गोऱ्यांची झाली ना आपल्या लोकांत परत जाऊ शकली. १९२० साली तिशीच्या आत ती वारली. १९९१ मध्ये तिच्या लोकांनी तिचे अवशेष शोधून वुंडेड नीला आणून पुरले.

हे आम्ही पुढच्या रविवारी सांगितले तेव्हा विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही.

या कादंबरीला २०२१ साली अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या मोठ्या संघटनेने, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने, धार्मिक-आध्यात्मिक प्रेमकथांच्या गटातला आपला व्हिव्हियन पुरस्कार दिला. त्यावर अनेक वाचक-लेखक उठले. संहारात बंदूक चालवणाऱ्याला नायक करता आणि मेलेल्यांना त्याच्या पश्चात्तापाची पायरी करता, असा त्यांचा आक्षेप होता. काही दिवसांत संघटनेने पुरस्कार मागे घेतला. पुस्तकावर बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही, बंदीने कोणाचे भले झालेले आम्हाला आठवत नाही. पण आक्षेप बरोबर होता. ताईंनी तो पुरस्काराची बातमी न वाचताच घेतला होता.

शिपायाचे दुखणे खोटे असते असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी इस्पितळात डॉ. जेकब दा कोस्टा यांनी तीनशेहून अधिक सैनिक तपासले. छातीत धडधड, कळ, धाप. पण हृदयात दोष सापडत नव्हता. १८७१ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. या दुखण्याला पुढे ‘सोल्जर्स हार्ट’, म्हणजे शिपायाचे काळीज, असे नाव रूढ झाले. भयंकर प्रसंगानंतर मनाला होणाऱ्या आजाराचे पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात १९८० साली आले. हा आजार बंदूक धरणाऱ्याला होतो, तसाच बंदुकीपुढे उभे राहिलेल्यालाही होतो. अत्याचार झालेल्या बाईला होतो, दंगलीत घर जळताना पाहिलेल्या मुलाला होतो. या कादंबऱ्यांत मात्र रात्री दचकून उठण्याचा मान बहुतेक नायकालाच मिळतो.

आणि औषध? औषध म्हणजे नायिका. आमची खरी तक्रार इथे आहे.

आमच्यातल्याच एकीने तिच्या मोठ्या बहिणीचे सांगितले. नवरा प्यायचा आणि मारायचा. चार वेळा ती माहेरी आली, चार वेळा घरच्यांनी समजूत घालून परत पाठवली. “तू जीव लाव, तो सुधरंल.” पाचव्या वेळी आली ती मोडका हात गळ्यात बांधून. आता हा सल्ला देणाऱ्यांनी काही अमेरिकन कादंबऱ्या वाचलेल्या नव्हत्या. सिनेमातून, कीर्तनातून, शेजारणीच्या तोंडून तो आपल्याकडे आधीच पोहोचलेला आहे. कादंबरी त्यावर फक्त गोड पाक चढवते. प्रेमाचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? हात धरून डॉक्टरकडे नेणारे, गोळ्यांची वेळ पाळायला लावणारे माणूस घरात असणे ही मोठी गोष्ट आहे. पण मार खाणाऱ्या बाईने स्वतःच मारणाऱ्याचे औषध व्हावे, हा उपचार कोणत्याही वैद्यकशास्त्रात नाही. मनाच्या आजारावर समुपदेशन आहे, गोळ्या आहेत. दारू सोडवण्याचे उपचार सरकारी रुग्णालयांतही मिळतात. मनाच्या त्रासासाठी सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा फुकट आहे, आणि घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. हे दोन क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत.

पश्चात्तापाची गोष्ट आपल्याला नवी नाही. कलिंगच्या युद्धानंतर अशोकाने जो शिलालेख कोरवला, त्यात किती मेले आणि किती बंदी करून नेले गेले याचे आकडे त्याने स्वतःच लिहिले: एक लाख ठार, दीड लाख नेले गेले. त्याच्याच दुसऱ्या एका लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे, वनस्पती लावल्याचे आणि विहिरी खणल्याचे आहे. राजाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा वाद. पण त्याच्या पश्चात्तापात निदान दुसऱ्याची जखम मोजलेली आहे.

मग सगळ्याच कादंबऱ्या तशा असतात का? नाही. पोरीनेच दुसरी शोधून आणली, पाइपर ह्युगली या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘द प्रीचर्स प्रॉमिस’. तीही श्रद्धेचीच, तीही युद्धानंतरचीच. साल १८६६. यादवी युद्ध संपले आहे, सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले आहेत. अमँडा ही शिकलेली कृष्णवर्णीय मुलगी उत्तरेकडून जॉर्जियातल्या मिलफर्ड गावी शाळा काढायला येते. गावचा महापौर व्हर्जिल, पूर्वीचा गुलाम, धंद्याने लोहार, वेळप्रसंगी प्रवचनही करणारा. तो तिला आल्या पावली परत जा म्हणतो. पण आपल्या मुलीला लिहा-वाचायला शिकवीन असे वचन त्याने तिच्या मरणाऱ्या आईला दिलेले आहे. इथे जखम ज्यांची आहे तेच नायक-नायिका आहेत, आणि दोघांच्या प्रेमाच्या मधोमध शाळा उभी आहे. प्रार्थना आहे, पण ती शाळेच्या बदल्यात नाही.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक. ती अर्पणपत्रिका आपल्या घरोघरी माहीत आहे, पण मुक्तीनंतर त्या चाळीस लाखांचे काय झाले हे फारसे माहीत नाही. मुक्त झालेल्यांना देवीच्या साथीने गाठले. उपासमार, उघड्यावरचे राहणे. सरकारने फ्रीडमन्स ब्युरो नावाचे खाते काढले आणि त्याने इस्पितळे चालवली. तिथे काम करायला रिचमंड शहरात आल्या डॉ. रिबेका ली क्रम्पलर. १८६४ साली वैद्यकीय पदवी मिळवणारी ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १८८३ मध्ये तिने आया आणि परिचारिकांसाठी बायका-मुलांच्या आरोग्यावर पुस्तक लिहिले. तिचा नवरा आर्थर पूर्वी गुलाम होता, पळून सुटलेला, आणि तोही लोहार! म्हातारपणी तो बॉस्टनच्या रात्रशाळेत लिहा-वाचायला जात असे. सत्तरी ओलांडलेला हा विद्यार्थी १८९८ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात झळकला. तेव्हा रिबेका हयात नव्हत्या.

हे ऐकून आमच्या एक आजी, ज्या साक्षरता वर्गाला ‘आता काय करायचं शिकून’ म्हणून येत नव्हत्या, त्यांनी त्या लोहाराचे वय दोनदा विचारले. वर्गाला येतील की नाही सांगता येत नाही. पाटी मात्र नातवाकडून मागून घेतली आहे.

मिलफर्डची गोष्ट अजून अर्धीच झाली आहे. पुढचा भाग येत्या रविवारी, वंदनेनंतर. मोबाइल एकच आहे आणि त्याची बॅटरी तासाभरात उतरते, तेव्हा येताना कोणीतरी चार्जर आणावा.