गाडी पुण्यात, गिऱ्हाईक गडचिरोलीत

मोटारगाडीच्या खरेदीविषयी या पानावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मोटार म्हटली की शहरी मध्यमवर्गाची चैन डोळ्यांसमोर येते, आणि त्या चैनीच्या अडचणी ऐकण्यात कुणालाही फारसे स्वारस्य नसते. परंतु ज्या गावी एस.टी.ची फेरी दिवसातून दोनदा येते आणि पावसाळ्यात तीही येईलच अशी खात्री नसते, तेथे आठ माणसांची व्हॅन हे उत्पादनाचे साधन असते. बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात जाते, मुले तिच्यातून शाळेत जातात, बाजारचे गाठोडे तिच्याच टपावर चढते. अशी गाडी चालविणारा माणूस बहुधा स्वतःच तिचा मालक, चालक आणि कारकून असतो, आणि तिच्यावरचे कर्ज हे त्याच्या घरातील सर्वांत मोठे कर्ज असते.

माझा एक जुना विद्यार्थी गडचिरोली जिल्ह्यात अशीच व्हॅन चालवितो. अर्थशास्त्राची पदवी त्याच्यापाशी आहे. त्या पदवीने त्याला काय दिले हा वेगळा विषय. गेल्या वर्षी जुनी गाडी निकालात निघाल्यावर त्याने नवी घ्यावयाचे ठरविले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे मागणी वाढलेली. जवळच्या विक्रेत्याने चार महिने थांबा असे सांगितले, आणि थांबूनही सीटकव्हरे, विमा व इतर साहित्य आमच्याकडूनच घ्यावे लागेल असे सुचविले. पुण्याकडील एका विक्रेत्याला फोन केला तर गाडी तयार होती, किंमतही काही हजारांनी कमी. अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. गाडी घरपोच देऊ असे तोंडी आश्वासन मिळाले, आणि त्याने मागणी नोंदविली.

इथून पुढे जे घडले त्यात विलक्षण असे काही नाही, आणि म्हणूनच ते सांगण्यासारखे आहे. बँकेने कर्जाची रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यावर भरली. त्या दिवसापासून व्याज चालू झाले. गाडी मात्र दहा दिवसांत निघावयाची ती पाच आठवड्यांनी निघाली. म्हणजे पहिला हप्ता व्हॅनने एक रुपयाही मिळविण्यापूर्वीच भरावा लागला. त्या पाच आठवड्यांत ती रक्कम विक्रेत्याच्या हाती खेळते भांडवल म्हणून होती, आणि तिचे व्याज भरत होता गडचिरोलीचा चालक. गरिबाने धनिकाला बिनव्याजी कर्ज देण्याचा हा प्रकार आपल्या पतव्यवस्थेत इतका रुळलेला आहे की तो कुणाच्या डोळ्यांत खुपतही नाही. ‘गाडी विक्रेत्याच्या आवारात आहे व तिचा चासीस नंबर अमुक आहे’ असे लेखी मिळाल्याखेरीज रक्कम वर्ग करू नये, एवढी अट बँकेने घातली असती तरी हे टळले असते. चासीस नंबर आधी मागण्यात आणखी एक फायदा असतो. त्यावरून गाडी कोणत्या वर्षी बनलेली आहे ते कळते, आणि मागील वर्षाचा पडून राहिलेला माल दूरच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालता येत नाही. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे नमुना २१ वर, उत्पादनाचा महिना व वर्ष लिहावेच लागते. पण तो दाखला हाती येतो पैसे दिल्यानंतर.

गाडी आली ती डाव्या अंगाला दाराच्या वरपासून मागच्या चाकापर्यंत घासून, आणि एका बाजूचा आरसा फुटून. आणणारा ड्रायव्हर विक्रेत्याचा नोकर नव्हता. एका ठेकेदाराने त्याला ठोक रकमेवर पाठविले होते. वाटेतले जेवण त्याच रकमेतून, परतीचा बसप्रवासही त्याच रकमेतून. जितक्या लवकर पोहोचेल तितका त्याचा रोज वाचणार, म्हणून तो रात्रभर गाडी हाकत आला आणि पहाटे कुठेतरी दुभाजकाला घासला. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. हा कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला. परंतु पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेपुरताच तो होता, आणि एकेक फेरीसाठी बोलावलेला, कुणाच्याच हजेरीपटावर नसलेला माणूस त्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. आपल्या देशात कारखान्यापासून शोरूमपर्यंत नव्या गाड्या ट्रेलरवर जातात, जुन्या डब्यांत फेरफार करून बनविलेल्या रेल्वेच्या वाघिणींतून जातात. शोरूमपासून खेड्यापर्यंतचा अखेरचा टप्पा मात्र अशा निनावी माणसाच्या झोपेवर चालतो.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने छापील मागणीपत्रातील कलमाकडे बोट दाखविले. गाडी आवाराबाहेर पडल्यानंतरची जोखीम ग्राहकाची, असे त्यात इंग्रजीत बारीक टाइपात लिहिलेले होते. हे कलम कायद्याच्या विरुद्ध आहे काय? दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. वस्तुविक्री कायदा १९३० सालचा, ब्रिटिश अमदानीतला. करारात दुसरे काही ठरले नसेल तर माल विक्रीच्या वेळी जेथे असेल तेथेच त्याची सुपूर्दगी व्हावयाची, असे त्याचे ३६ वे कलम सांगते. मालकी ज्याची त्याची जोखीम, असे २६ वे कलम सांगते. आणि ३९ व्या कलमानुसार वाहतूकदाराच्या हाती माल दिला की तो प्रथमदर्शनी ग्राहकालाच दिला असे धरले जाते. हे नियम व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला कापसाच्या गाठी विकाव्यात अशा व्यवहारासाठी योग्य होते. दोघांपाशी वकील, दोघांपाशी विमा, दोघांनाही भाव-करार करण्याची ताकद. यातील ‘दुसरे काही ठरले नसेल तर’ हे शब्द स्वातंत्र्याचे वाटतात. पण ठरविण्याची शक्ती एकाच बाजूला असेल तर ते स्वातंत्र्यही एकाच बाजूचे असते. माझ्या विद्यार्थ्यापुढे छापील कागद आला, आणि सही कर किंवा सोडून दे एवढाच पर्याय होता.

विमा कामी येईल, असे कुणी म्हणेल. आला, पण कसा ते पाहा. मोटार वाहन नियमांतील ४२ व्या नियमाप्रमाणे तात्पुरत्या वा कायम नोंदणीवाचून विक्रेत्याला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, आणि नोंदणीसाठी विमा आधी लागतो. साहजिकच पॉलिसी ग्राहकाच्या नावे, त्याच्या पैशाने, गाडी निघण्यापूर्वीच घेतलेली असते. वाटेत ठेकेदाराच्या माणसाकडून झालेले नुकसान त्याच पॉलिसीवर मागावयाचे. भरपाईतून ठरलेली रक्कम कापली जाणार, आणि पुढील वर्षीची, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही जाणार.

मी त्याला सुचविले की जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार कर. या बाबतीत कायदा खरोखरच सुधारला आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९८६ च्या कायद्याखाली विरुद्ध पक्ष जेथे असेल, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथे जावे लागे. दूरच्या ग्राहकाची तक्रार बहुधा त्या प्रवासखर्चातच विरून जाई. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने तक्रारदार जेथे राहतो वा पोटापाण्याचा व्यवसाय करतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतूची’ मानली जात नाही, हेही त्या कायद्यात स्पष्ट आहे. मात्र एक पाचर मारलेली आहेच. सदोष सेवेबद्दल गडचिरोलीत दाद मागता येईल. ज्या छापील कलमामुळे हे सारे घडले तो करारच अन्याय्य आहे असे म्हणावयाचे असेल तर ४७ व्या कलमाप्रमाणे राज्य आयोगाकडे जावे लागते. फांदी तोडण्याचे न्यायालय गावाजवळ, मूळ खणण्याचे दूर.

त्याने तक्रार केली नाही. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, मी तक्रार केली तर शेठ ठेकेदाराला धरील, आणि ठेकेदार त्या ड्रायव्हरच्या पुढच्या दहा फेऱ्यांतून पैसे कापील. त्याला मी माझ्या घरी जेवू घातलंय. त्याची पोरगी दहावीला आहे.” यावर मी त्याच्याशी बराच वेळ वाद घातला. विक्रेत्याने घरपोच देण्याचे कबूल केले होते, तेव्हा जबाबदारी त्याची. खालच्या माणसाकडून तो वसूल करील या भीतीने वरच्याला मोकळे सोडणे म्हणजे साखळीचे शेवटचे टोक दाखवून सारी साखळीच माफ करून घेण्याच्या युक्तीला बळी पडणे होय. हे मी त्याला सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे. परंतु ज्याला त्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहावे लागले त्याची अडचण माझ्या खुर्चीत बसून पुरती कळणार नाही, हेही खरे.

आता थोडे मागे पाहू. मोटारगाड्यांच्या वितरण व विक्रीवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले तो काळ ज्यांना आठवतो त्यांना रांगांचा कंटाळाही आठवत असेल. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि हाती आलेल्या गाडीला बाहेर जास्त भाव मिळे. त्या व्यवस्थेवर आमच्यासारख्यांनीही टीका केली होती, आणि ती रास्त होती. पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोरने, आणि १९८४ पासून मारुतीच्या व्हॅनने, ग्रामीण वाहतुकीचे रूप पालटले. रांग गेली असे म्हणतात. वस्तुतः रांग आहेच. आपला क्रमांक कितवा हे सांगण्याचे बंधन तेवढे गेले आहे. जवळच्या विक्रेत्याने सांगितलेले चार महिने कोणत्या यादीवरून मोजले, हे विचारण्याची सोय कुणापाशी नाही. आणि सवलत देण्याची स्पर्धा म्हणावी तर तीही निर्वेध नाही. विक्रेत्यांनी ठरावीक मर्यादेपलीकडे ग्राहकाला सूट देऊ नये असा बंदोबस्त ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले.

करांच्या बाबतीत मात्र अंतराची भिंत बरीच उतरली आहे. पूर्वी राज्याराज्यांचे विक्रीकर वेगळे, नाक्यावर जकात, आणि परप्रांतातून आणलेल्या गाडीवर महाराष्ट्राचा १९८७ च्या कायद्याखालील प्रवेशकर. १ जुलै २०१७ नंतर हे गेले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा दिल्याने पुण्यात घेतलेल्या गाडीच्या पासिंगसाठी पूर्वीइतकी धावपळ उरलेली नाही. सरकारने आपल्या बाजूचे अडथळे काढले, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेवर खाजगी अडथळे उभे राहिले.

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने महाराष्ट्राच्या विभागांतील अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य असा तो हिशेब होता. बाजारापासूनचे अंतर हा अनुशेष मोजण्याची रीत त्यात नव्हती, आणि सरकारी खर्चाच्या हिशेबात ती असणेही कठीण. पण गडचिरोलीचा चालक त्याच व्हॅनसाठी पुण्याच्या चालकापेक्षा जास्त मोजतो. ड्रायव्हरची मजुरी, नऊशे किलोमीटरचे इंधन, टोल, पाच आठवड्यांचे व्याज, बुडालेल्या फेऱ्या आणि दाराची डागडुजी हे सारे त्याच्याच खिशातून. कंपन्या कारखान्यापासून शोरूमपर्यंतचा वाहतूकखर्च किंमतीत धरतात. शोरूमच नसलेल्या तालुक्याने त्या खर्चातील आपला वाटा भरावा, आणि पुढचा टप्पा पुन्हा स्वतंत्रपणे भरावा, हा कोणता न्याय?

पोलादाच्या बाबतीत मालवाहतुकीचा दर देशभर समान ठेवण्याचे धोरण चार दशके चालले, आणि त्याने बिहार-बंगालवर अन्याय केला हे आम्ही वर्गात शिकवीत आलो. तेव्हा सर्वत्र एकच खर्च, अशी सरसकट मागणी मी करणार नाही. मागणी लहान आहे. मागणीपत्राचा नमुना परिवहन विभागाने ठरवून द्यावा, तो मराठीत असावा. सुपूर्दगीचे ठिकाण, तारीख आणि तोपर्यंतची जोखीम कुणाची, हे तीन रकाने त्यात भरल्याशिवाय विक्रेत्याला रक्कम घेता येऊ नये. घरपोच म्हटले तर घरापर्यंतची जोखीम विक्रेत्याची.

दरम्यान त्याच तालुक्यातील पाच चालकांनी पाच व्हॅनची मागणी एकत्र नोंदवावयाचे ठरविले आहे. पाचही गाड्या एकाच ट्रेलरवरून याव्यात, रात्री हाकून आणू नयेत, आणि ठरलेल्या तारखेनंतरचे बँकेचे व्याज विक्रेत्याने सोसावे, असे त्यांनी कळविले आहे. छापील पत्रातील जोखमीचे कलम माझ्या विद्यार्थ्याने शाईने खोडले, शेजारी पाचही जणांनी सह्या केल्या, आणि पत्र पोस्टाने तीन विक्रेत्यांकडे पाठविले. दोघांनी नकार कळविला आहे. तिसऱ्याने पाचांऐवजी सहा गाड्या घेता येतील काय, अशी विचारणा केली आहे, आणि सहाव्या चालकाचा शोध चालू आहे.