पहूरच्या पोरांना बर्फाची भीती दाखवा!

मित्रांनो, शीर्षक वाचून हसू नका. आमच्या पहूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बर्फ आम्हाला माहीत तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवरचा. अशा गावातल्या पाचवी-सातवीच्या पोरांसाठी ध्रुवावरची, अंगावर काटा आणणारी साहसकादंबरी मराठीत हवी, असं माझं ठाम मत आहे.

मोठी माणसं लगेच म्हणतील, "लहान लेकरांना कशाला घाबरवता?" पण पोरं घाबरलेलीच असतात हो! पिंपळावरची हडळ, विहिरीतलं भूत, हे सगळं ओट्यावर बसून त्यांनी ऐकलेलं असतं. त्या भीतीवर उपाय एकच, अंगारा. ध्रुवावरची भीती मात्र नियमाने चालते. भेगेवर साचलेला भुसभुशीत बर्फ का खचतो, वारा सुटला की थंडी जास्त का झोंबते, हे ज्याला कळतं तो वाचतो. म्हणजे इथे सुटका डोकं चालवून होते.

भा. रा. भागवतांनी हेच केलं. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे जन्माला घातला. हा किडकिडीत पोरगा संकटात सापडतो आणि अक्कल वापरून बाहेर पडतो. फेणेला आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. मग पुढची पायरी बर्फाची का नको?

आणि कच्चा माल परदेशातून आणायची गरज नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली. डॉ. कासिम यांच्यासह २१ जण ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरले. १९८३-८४ च्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत होत्या. पुण्यात शिकताना अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि त्या समुद्राकडे वळल्या. एक पुस्तक माणसाला कुठवर नेतं बघा!

आता भीतीचं बोलू. १९९० च्या जानेवारीत आपल्या नवव्या मोहिमेतले चार जण तिथे छावणीवर दगावले. ना वादळ, ना हिंस्र प्राणी. कारण होतं कार्बन मोनॉक्साइड! भूत निदान दिसतं तरी म्हणतात. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. हवा कमी पडून इंधन अर्धवट जळलं की तो तयार होतो आणि माणूस झोपेतच जातो. आपल्या खान्देशातही हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपतात. तिथेही हाच वायू असतो. गोष्ट वाचून घाबरलेलं एखादं पोरगं रात्री उठून खिडकी उघडेल, तर त्या कादंबरीने घरातले चार जीव वाचवले असं समजा. सूचनांचा तक्ता भिंतीवर राहतो, भीती मात्र डोक्यात राहते.

फक्त एक अट. भीती खरी हवी. पांढरं अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला; दोघांची कुस्ती लावायची नाही. 'मैत्री' स्थानकावर हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. एवढ्या लांब रात्रीत भूत घुसवायची गरज काय?

आता प्रश्न, लिहिणार कोण? आपणच! मेकॅनिकलवाल्यांना इंजिन गोठलं की काय होतं ते कळतं, इलेक्ट्रिकलवाल्यांना बॅटरी थंडीत का मान टाकते ते, सिव्हिलवाल्यांना बर्फावर पाया कसा घालायचा ते. व्हायव्हात फाफटपसारा लावताना आपली कल्पनाशक्ती कमी पडते का कधी? सरांनी तांत्रिक चुका तपासाव्यात, ग्रंथपालांनी एक कपाट द्यावं. सबमिशन संपलं की प्रत्येक विंगने एकेक प्रकरण लिहायचं.

पहूरच्या पोरांना वाचून दाखवायची जबाबदारी माझी. रात्री, लाईट गेल्यावर!