शून्य गुणांचा कवी

गाण्याच्या स्पर्धेत शून्य गुण मिळवणे वाटते तितके सोपे नाही, मंडळी. मी मराठीचा मास्तर. गेली अठरा वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. पेपर कितीही कोरा असला तरी शून्य लिहायला हात धजत नाही. निदान प्रश्नाचा क्रमांक तरी बरोबर घातला आहे ना, म्हणून अर्धा गुण देऊन टाकावा असे वाटते. पण 24 एप्रिल 1982 रोजी, इंग्लंडातल्या हॅरोगेट गावी, युरोपच्या परीक्षकांना अशी दया आली नाही. युरोव्हिजन नावाची तिकडची मोठी गीतस्पर्धा त्या रात्री भरली होती. अठरा देशांची अठरा गाणी. प्रत्येक देशाच्या परीक्षकमंडळाने आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना गुण द्यायचे. म्हणजे फिनलंडखेरीज सतरा मंडळे, आणि प्रत्येकाच्या हातात दहा जागा. या एकशेसत्तर जागांपैकी एकही फिनलंडच्या वाट्याला आली नाही.

गाणारा होता कोयो. चाल जिम पेम्ब्रोकची. हा मूळचा इंग्रज, पण फिनलंडात स्थायिक झालेला. आणि शब्द होते युहानी लेस्किनेन यांचे. सारा फिनलंड त्यांना ‘जूस’ म्हणतो. होय, तोच इंग्रजी शब्द, रस या अर्थाचा. आज सांगायचे आहे ते या रसाळ गृहस्थांविषयी. स्वतः रॉक गाणारे, स्वतः चाली बांधणारे, आणि टोपणनाव तेवढे इंग्रजी ठेवून बाकी सारा संसार फिन्निश भाषेत थाटणारे.

त्या शून्य गुणांच्या गाण्याचे नाव ‘नुकू पोम्मीन’. फिन्निशमध्ये ‘पोम्मी’ म्हणजे बाँब. आणि सकाळी वेळेवर जाग आली नाही, गाडी चुकली, कचेरीत लेटमार्क बसला, तर फिनलंडचा माणूस म्हणतो, ‘मी बाँबमध्ये झोपलो.’ आपण ‘झोपेने दगा दिला’ म्हणतो तसा तो वाक्प्रचार. 1982 साल हे अणुबाँबच्या धास्तीचे साल. युरोपात इकडून तिकडून क्षेपणास्त्रे रोखलेली. अशा वेळी जूस आपल्या देशबांधवांना सांगतो : झोपा, खुशाल बाँबमध्ये झोपा! म्हणजे उशिरापर्यंत लोळत पडा, आणि डोक्यावर बाँब पडेल तेव्हाही लोळतच राहा. घराघरांत रोज सकाळी बोलला जाणारा वाक्प्रचार त्याने उचलला आणि त्यातला बाँब खराच काढून दाखवला.

आता हे पोर्तुगालच्या किंवा युगोस्लाव्हियाच्या परीक्षकाला कसे कळावे? त्याला ऐकू आला तो नुसता आरडाओरडा. गंमत अशी की त्याच रात्री पहिली आली ती जर्मनीची निकोल नावाची मुलगी. तिचे गाणेही युद्धाच्या भीतीचेच. थोडीशी शांतता मागणारे. साधे, गोड, कुठल्याही भाषेत सहज उतरणारे. बक्षीस मिळाल्यावर तिने तेच गाणे चार भाषांत गाऊन दाखवले. जूसच्या गाण्याला ती सोय नव्हती. त्याचे सगळे मर्म एका वाक्प्रचाराच्या पोटात, आणि तो वाक्प्रचार एका भाषेच्या पोटात. खरे सांगायचे तर जूसच्या उत्तम गाण्यांत हे गाणे मोडत नाही, आणि त्या शून्याची थट्टा खुद्द फिनलंडातही पुष्कळ झाली. पण या माणसाने जन्मभर काय केले ते एका ठिकाणी पाहायचे असेल, तर हे गाणे पुरेसे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी टाम्पेरे शहरी संगणकाच्या नोकरीत आहे. जूसची गाणी प्रथम त्याने मला पाठवली, आणि कचेरीतल्या तिथल्या मित्रांना विचारून विचारून शब्दांची फोड करून दिली. त्या फोडीत मी असा गुंतलो की प्रथम फिन्निश भाषेचेच थोडे पुराण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. मास्तरांची खोड आहे.

फिन्निशमध्ये शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. त्याला अपवाद नाही. विभक्त्या पंधरा, आपण आठांतच घामाघूम होतो. आणि प्रत्यय शब्दाला आगगाडीच्या डब्यांसारखे जोडत जायचे. ‘तालो’ म्हणजे घर. ‘तालोस्सानिकिन’ म्हणजे ‘माझ्या घरातसुद्धा’. इंग्रजीला तिथे चार सुटे शब्द लागतात. आपण मात्र ‘घरातल्यांनासुद्धा’ असे सहज म्हणतो, तेव्हा आपल्याला या कारभाराचे नवल वाटू नये. त्याहून नाजूक प्रकरण ऱ्हस्वदीर्घाचे. ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा, आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात! आपल्याकडेही ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, पण गाणाऱ्याने सूर लांबवला म्हणून कोणी मुलाचा धागा समजत नाही. तिकडे हा भेद पदोपदी. गवयाने भलत्या जागी तान घेतली की आगीचा वारा झालाच.

उलट रॉक हे संगीत जन्मले अमेरिकन इंग्रजीत. इंग्रजी ओळीच्या आरंभी बहुधा एखादा बारीकसा शब्द येतो आणि मग ठोका पडतो. चालीही तशाच घडलेल्या. फिन्निशला त्या अलीकडच्या पायरीवर ठेवायला चिल्लर शब्दच नाहीत; तिचा प्रत्येक शब्द ठोक्यानेच सुरू होतो. मग परक्या चालीत फिन्निश शब्द कोंबले की आघात वाकडे पडत आणि गाणे लंगडे वाटे. यावरून पुष्कळ जाणत्या लोकांनी निर्णय देऊन टाकला होता की ही भाषा रॉकच्या कामाची नाही.

हा निर्णय त्या भाषेला नवा नव्हता. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या अमलाखाली होता, नंतर 1917 पर्यंत रशियाच्या. शिकलेल्यांची भाषा स्वीडिश. 1863 साली झारने फर्मान काढले तेव्हा कुठे फिन्निशला सरकारदरबारी बरोबरीचे स्थान मिळायची वाट मोकळी झाली. 1870 साली अलेक्सिस किवीने ‘सात भाऊ’ ही त्या भाषेतली पहिली मोठी कादंबरी प्रसिद्ध केली, तर तिच्यावर तुटून पडला तो कोण? आल्क्विस्ट नावाचा फिन्निशचाच प्राध्यापक! आमच्याच पेशातला माणूस. ही भाषा अशी गावंढळ नसते, ही माणसे अशी नसतात, असा त्याचा दावा. 1872 साली किवी विपन्नावस्थेत वारला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आज त्याच्या जन्मदिवशी, 10 ऑक्टोबरला, फिनलंड साहित्यदिन पाळतो. भाषेचे मास्तर भाषेचे रक्षण करतातच असे नाही, हे मी या धंद्यात राहूनच सांगतो आहे.

आता जूसकडे वळू. जन्म 19 फेब्रुवारी 1950 चा, पूर्व फिनलंडातल्या सावो प्रांतातल्या युआन्कोस्की गावचा. जुन्या लोखंडाच्या कारखान्याभोवती वसलेले हे गाव 2017 साली कुओपिओ शहरात विलीन झाले. सावोची माणसे वाकडे बोलण्यात पटाईत. त्यांच्याविषयी म्हण आहे की सावोचा माणूस बोलू लागला की अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. आपल्याकडे हे वाचून कोकणातल्या मंडळींची आठवण कोणाला झाली, तर त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

तरुणपणी हा टाम्पेरेला आला, इंग्रजीचा भाषांतरकार होण्याचे शिक्षण घ्यायला. टाम्पेरे हे गिरण्यांचे शहर. एका स्कॉटिश गृहस्थाने 1820 साली तिथल्या धबधब्याकाठी कारखाना काढला, त्यातून मोठी कापडगिरणी उभी राहिली. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तसे हे फिनलंडचे मँचेस्टर, लाडाने ‘मान्से’. तिथल्या पोरांचे रॉक ते ‘मान्सेरॉक’. जूसने मिक्को आलातालो वगैरे मित्र जमवून वाद्यवृंद काढला. त्याचे नाव वैद्यकातल्या एका चावट लॅटिन शब्दावरून ठेवले होते. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात, म्हणून ते इथे देत नाही. 1973 साली पहिली तबकडी निघाली.

1974 साल मोठे मजेचे. लव्ह रेकॉर्ड्स या हेलसिंकीच्या कंपनीने त्या वर्षी दोन तबकड्या काढल्या. एक हरिगेन्स या वाद्यवृंदाची ‘रोडरनर’. तिचा गायक रेमू आल्तोनेन इंग्रजीत गाई, आणि त्याचे इंग्रजी बेताचे. शब्द कानाने उचललेले, काही तर त्याच्या स्वतःच्या टांकसाळीतले. आवाज मात्र असा दणदणीत की तबकडीने खपाचा उच्चांक केला. दुसरी तबकडी जूसची, ‘पेर व्हेर्स, कवी’. पेर हे तिकडच्या माणसाचे नाव, व्हेर्स म्हणजे पद्य, आणि दोन्ही जोडून वाचले की होते ‘विकृत’! ज्याला इंग्रजी येत नव्हते तो इंग्रजीत गात होता, आणि जो इंग्रजीचा भाषांतरकार व्हायला निघाला होता तो फिन्निशमध्ये. यात मला रेमूला हिणवायचे नाही. तालाचा तो बादशहाच. पण परकी भाषा येत नाही म्हणून माणसे आपली भाषा धरून बसतात, हा जो समज आहे तो जूसने खोटा पाडला. त्याला दोन्ही वाटा ठाऊक होत्या. त्याने निवडली ती अवघड वाट.

आणि अडचण सोडवली कशी? परक्या चालीत आपले शब्द कोंबण्याऐवजी त्याने चालीच फिन्निश बोलण्याच्या ठोक्यावर बांधल्या. दुकानात, रस्त्यावर, गुत्त्यात माणसे बोलतात ते शब्द घेतले. शब्दांशी खेळणे तर रक्तातच. 1975 साली त्याने सुनीतांचा संग्रह काढला. इटलीच्या पेत्रार्काने आपल्या लाउरासाठी सुनीते लिहिली, हे आम्ही वर्गात सांगतो. ‘लाउरासाठी’ला फिन्निशमध्ये ‘लाउराल्ले’. जूसने एक अक्षर बदलून ‘लाउमाल्ले’ केले : ‘कळपासाठी सुनीते’! पुढे त्याने ब्लूजचे गाणे लिहिले ते पिएक्सामॅकीच्या स्टेशनावर. ब्लूज म्हटले की मेम्फिस, शिकागो ही नावे यायची. पिएक्सामॅकी म्हणजे सावोतले एक रेल्वे जंक्शन. कोणी आपल्याकडे मनमाडच्या फलाटावर विरहगीत बसवावे तसे. ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की एकटेपणा आपल्याही स्टेशनावर उतरतो. त्यासाठी अमेरिकेचे तिकीट लागत नाही. 1980 चे त्याचे ‘पंधरावी रात्र’ हे गाणे तिकडे आजही लोक एकमुखाने म्हणतात.

इथवर सगळे ठीक. पण या माणसाला दारूचे व्यसन होते, आणि ते झाकून मी त्याची आरती करणार नाही. ‘थेंबाने कोणी मरत नाही’ ही फिन्निश म्हण; तिच्यावरही त्याने गाणे केले. ज्याने वाक्प्रचारातला बाँब खरा करून दाखवला, त्याच्याच बाबतीत ही म्हण मात्र खोटी ठरली. थेंबाथेंबाने शरीर पोखरले, मूत्रपिंडांनी साथ सोडली, अखेरची वर्षे डायलिसिसवर गेली. 24 नोव्हेंबर 2006 रोजी टाम्पेरेत तो वारला. वय अवघे छप्पन्न. कलावंताचे व्यसन म्हणजे जणू प्रतिभेचा हुंडा, असे आपल्याकडेही कौतुकाने बोलले जाते. मला ते पटत नाही. त्याची चांगली गाणी त्याने दारूमुळे लिहिली नाहीत. दारूमुळे लिहायची राहिली असतील.

त्याच 2006 सालच्या मे महिन्यात फिनलंडने युरोव्हिजन प्रथमच जिंकले. राक्षसांचे मुखवटे घातलेल्या लॉर्डी या वाद्यवृंदाने 292 गुण मिळवले. आपापल्या देशाच्या भाषेतच गाण्याचा जुना नियम तोवर रद्द झाला होता, आणि लॉर्डीचे गाणे इंग्रजीत होते. जग जिंकायला इंग्रजी लागते, असा निष्कर्ष कोणी काढील तर त्याला मी अडवणार नाही. जग जिंकावे, जरूर जिंकावे. पण गाणे लिहायचे ते नेहमी जगच जिंकण्यासाठी, असे कोणी सांगितले? 2018 साली जूसच्या आयुष्यावर फिनलंडात चित्रपट निघाला. सुमारे छप्पन्न लाख वस्तीचा देश, आणि तो आपल्या शब्दप्रभूला विसरलेला नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख निघाले. तरी ‘मराठीत हे बसत नाही हो’ हे वाक्य मी दर वर्षी नव्या तोंडून ऐकतो. बसत नाही हे खरेच असेल. फिन्निशमध्येही बसत नव्हते. बसवावे लागते, आणि बसवणाऱ्याला आधी आपल्या भाषेचा ठोका कुठे पडतो ते कान देऊन ऐकावे लागते. शाहिरांनी ते ऐकले होते, म्हणून त्यांच्या डफाला आणि शब्दांना भांडावे लागले नाही.

राहता राहिले ते हॅरोगेटचे शून्य. त्या स्पर्धेचा आणखी एक नियम सांगायचा राहिला. कोणत्याही देशाच्या परीक्षकांना आपल्याच देशाच्या गाण्याला गुण देता येत नाहीत. म्हणजे अठरा मंडळांपैकी ज्या एका मंडळाला ‘नुकू पोम्मीन’ ऐकताच त्यातली मेख कळली असणार, त्याच मंडळाला गप्प बसावे लागले. बाकी सतरांनी आपल्याला जे कळले त्याप्रमाणे गुण दिले. त्यांचे काही चुकले, असे मी परीक्षक म्हणून म्हणणार नाही.