अटेन्युएटरची दोन तोंडे

मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा खरा आवाज फुटतो तो शेवटच्या टप्प्यात. मार्शलचा ५० वॉटचा मॉडेल १९८७ हे नेहमीचे उदाहरण (हा आकडा मॉडेलचा, सालाचा नव्हे, ॲम्प साठच्या दशकातला). व्हॉल्यूम सहा-सातच्या पुढे गेला की फेज इन्व्हर्टर आणि ईएल३४ची जोडी सिग्नलचे शेंडे कापू लागते, प्रत्येक जोरकस फटक्याला पॉवर सप्लायचे व्होल्टेज थोडे बसते आणि मग सावरते, आउटपुट ट्रान्सफॉर्मर खर्जात दमतो. प्रीॲम्पचा गेन कितीही चढवला तरी यातले काही घडत नाही. म्हणूनच १९७५च्या २२०३ या मॉडेलपासून मार्शलने मास्टर व्हॉल्यूम दिला, तरी जुन्या ॲम्पची मागणी ओसरली नाही.

अडचण आवाजाच्या पातळीची आहे. सेलेस्टियन ग्रीनबॅकची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर सुमारे ९८ डेसिबल. एका स्पीकरच्या हिशेबाने ५० वॉट म्हणजे ११५ डेसिबल. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलच्या आवाजात कान दिवसाला १५ मिनिटेच सुरक्षित राहतो. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शेजारच्या फ्लॅटपर्यंत भिंतीने कितीही आवाज गाळला तरी हा मेळ बसत नाही.

वॉटेज कमी केल्याने प्रश्न सुटेल, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. पॉवर निम्मी केली की पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे पॉवरचा दहावा हिस्सा लागतो. २०१२मध्ये मार्शलने पन्नाशीनिमित्त १ वॉटचे ॲम्प काढले, पण त्याच ग्रीनबॅकवर १ वॉटही ९८ डेसिबल देतो. दार लावून वाजवण्याजोगी ७५ डेसिबलची पातळी हवी असेल, तर ५० वॉटच्या ॲम्पमधून स्पीकरपर्यंत जेमतेम ५ मिलिवॉट पोहोचायला हवेत. बाकी सगळी पॉवर उष्णता होऊन जायची.

ती जिरवण्याचे काम अटेन्युएटर करतो. १९८०च्या सुमारास बोस्टन बँडच्या टॉम शोल्झ यांनी पॉवर सोक बाजारात आणला. एमआयटीत शिकलेला आणि पोलरॉइडमध्ये काम केलेला हा इंजिनिअर-गिटारवादक. पॉवर सोकची रचना मोठे रेझिस्टर आणि पायऱ्यांचा स्विच एवढीच. त्या पेटीने टोन मारल्याची तक्रार तेव्हापासून आजतागायत ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण दोष बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधला जातो.

८ ओहमचा स्पीकर ८ ओहमचा नसतोच. डीसी रोध साधारण साडेसहा ओहम, १०० हर्ट्झच्या आसपासच्या रेझोनन्सला इंपीडन्स कित्येक पट चढतो, मग खाली येतो आणि कॉइलच्या इंडक्टन्समुळे वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स मोठा असल्याने जिथे स्पीकरचा इंपीडन्स जास्त, तिथे व्होल्टेजही जास्त मिळते. खर्जाचा उठाव आणि वरची धार यांचा मोठा भाग यातून येतो. निगेटिव्ह फीडबॅक नसलेल्या एसी३०सारख्या ॲम्पमध्ये हा परिणाम ठळक असतो. फीडबॅक असलेल्या ॲम्पमध्ये सौम्य, पण क्लिपिंग सुरू झाले की फीडबॅकचा लगामही सुटतो.

आता ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये १० डेसिबलचा साधा एल-पॅड घालून पाहावा: सिरीजमध्ये ५.५ ओहम, स्पीकरला समांतर ३.७ ओहम. रेझोनन्सला स्पीकर ८वरून ६० ओहमवर चढला तरी ॲम्पला दिसतात सुमारे ९ ओहम. ॲम्पच्या दृष्टीने स्पीकर जवळजवळ नाहीसाच झाला. उलट बाजूने स्पीकरला ॲम्पऐवजी ३.७ ओहमपेक्षा कमी रोधाचा स्रोत दिसतो आणि त्याचा रेझोनन्स दाबला जातो. दोन्ही तोंडे बिघडली की आवाज सपाट होतो, आणि वादक म्हणतो, पेटीने टोन खाल्ला.

रिॲक्टिव्ह लोड यातले पहिले तोंड सुधारतो. कॉइल आणि कॅपॅसिटरच्या जाळ्याने, किंवा वेबरच्या मासप्रमाणे खऱ्या स्पीकरच्या मोटरने, ॲम्पला अपेक्षित वक्र दाखवला जातो. पण तिथून पुढे स्पीकरला लहानशा रोधावरूनच सिग्नल दिला तर दुसरे तोंड तसेच राहते. त्यामुळे ‘रिॲक्टिव्ह’ ही पट्टी पाहून निर्णय घेणे अपुरे आहे. बेंचवर सोपी कसोटी घेता येते: क्लिपिंगच्या बऱ्याच खाली १००, ४०० आणि ५००० हर्ट्झचे साइन सिग्नल द्यावेत, स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे, आधी अटेन्युएटरशिवाय आणि मग घालून. तिन्ही व्होल्टेजचे परस्पर प्रमाण टिकले तर पेटी चांगली. किंमत आणि जाहिरात नंतर पाहावी.

एवढे जमले तरी १०-१२ डेसिबलच्या पुढे काही गोष्टी कोणतीच पेटी देऊ शकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवल्याप्रमाणे पातळी उतरली की कान आधी खर्ज गमावतो आणि वरच्या टोकाचीही धार बोथट होते. स्पीकरचा कोन जोरात न हलल्याने त्याचा स्वतःचा चरचरीतपणा जातो, आणि खोलीतला आवाज तारांना पुन्हा हलवत नसल्याने लांबलेला सूरही जातो. थोडा ईक्यू उपयोगी पडतो, पण तो भरपाई आहे, परतावा नव्हे. म्हणून छोट्या मंचासाठी किंवा तालमीच्या खोलीसाठी ६ ते १२ डेसिबल उतरवायला पॅसिव्ह अटेन्युएटर उत्तम. २५-३० डेसिबलची गरज असेल तर पूर्ण पॉवर रिॲक्टिव्ह लोडवर जिरवून लाइन सिग्नल वेगळ्या पॉवर ॲम्पने स्पीकरला देणे, किंवा स्पीकर-इंपल्ससह हेडफोनवर ऐकणे, हेच प्रामाणिक मार्ग. शेवटच्या पायरीवर ठेवलेला स्वस्त एल-पॅड हा मार्ग नाही.

वापराच्या बाबतीत ढिलाई परवडत नाही. ५० वॉटचे रेटिंग स्वच्छ साइनचे असते. पूर्ण फुटलेला सिग्नल चौकोनी लाटेकडे झुकतो आणि सिद्धांताप्रमाणे दुप्पट पॉवर देऊ शकतो. म्हणून अटेन्युएटर निदान १०० वॉटचा हवा, भोवती हवा खेळती हवी. इंपीडन्स जुळवावा. जोडणी नेहमी स्पीकर केबलनेच करावी, गिटारच्या बारीक केबलने नव्हे. ॲम्प चालू असताना केबल निघाली तर ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा प्लेटवर उंच व्होल्टेजचा झटका बनून परतते. सॉकेटमध्ये ठिणगी उडते किंवा वाइंडिंगचे इन्सुलेशन जाते. व्हॉल्व्हची झीज अटेन्युएटर करत नाही, पण तो असल्यामुळे ॲम्प तासन्‌तास पूर्ण जोरात चालतो, म्हणून बायस आणि स्क्रीन रेझिस्टर नेहमीपेक्षा लवकर तपासावेत.

डिमरस्टॅटने मेन्स उतरवण्याची युक्ती एडी व्हॅन हेलनमुळे गाजली, पण तिच्यात फिलामेंटही उपाशी राहतात: २३० व्होल्टऐवजी १८० दिले तर ६.३ व्होल्टच्या जागी ४.९ मिळतात आणि तसेच वापरत राहिल्यास कॅथोड खराब होतो. आवाज कमी करण्यासाठी व्होल्टेजच उतरवायचे असेल तर फिलामेंट पूर्ण ठेवून फक्त एचटी (प्लेटचे उंच डीसी व्होल्टेज) खाली आणणारे सर्किट लागते, आणि त्यात एचटीबरोबर बायसही त्याच प्रमाणात सरकवावा लागतो.