साठमारी आणि हाथीखाना

मराठी वृत्तपत्रांत ‘सत्तेची साठमारी’ हा शब्दप्रयोग नित्य भेटतो. दोन बलाढ्य पक्ष एकमेकांवर तुटून पडले की ती साठमारी, असा अर्थ आता रूढ झाला आहे. नववीच्या वर्गात आम्ही या शब्दाची फोड विचारली, तेव्हा एका चुणचुणीत मुलाने सांगितले, “साठ जणांनी मिळून एकाला मारणे!” वर्ग खळखळून हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण मूल बडोद्याचे, आणि हा खेळ जोपासणारे शहरही बडोदेच. कोल्हापुरातही शाहू महाराजांच्या काळी साठमारी चाले, पण बडोद्याचा लौकिक त्याहून जुना.

आपल्याकडे हा खेळ होई तो पाणीगेटजवळच्या अगडात. अगड म्हणजे उंच भिंतींनी वेढलेले विस्तीर्ण पटांगण. भिंतींत जागोजाग अरुंद दारे ठेवलेली. त्यांतून माणूस निसटू शके, हत्ती नव्हे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) येथे आलेल्या लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने या खेळांचे वर्णन लिहून ठेवले आहे. १८७५ साली इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले, तेव्हा त्यांनाही अगडातील हत्तींच्या झुंजी दाखविण्यात आल्या.

दोन हत्ती भिडत ती झुंज. साठमारी निराळी. तीत मस्तीला आलेला हत्ती एकटा सोडीत आणि त्याच्यासमोर साठमार पायी उतरत. कोणाच्या हाती चाबूक, कोणाच्या हाती भाला, कोणाजवळ फडफडणारे वस्त्र. एकाने हत्तीस चिडवून अंगावर घ्यावे. तो पाठीशी येऊन ठेपला की दुसऱ्याने बगलेने डिवचावे, आणि तेवढ्यात पहिल्याने दारात नाहीसे व्हावे. बळाविरुद्ध बळ नव्हे, बळाविरुद्ध चापल्य. आणि सोबत्यावर टाकलेला जिवाचा भरवसा. जुन्या लेखनात ‘साटमारी’ असेही रूप आढळते; साट म्हणजे चाबकाचा फटका. आजच्या अग्रलेखांतील साठमारीत साटही नाही, साठमारही नाही. उरले ते केवळ दोन हत्ती!

खेळ क्रूर होता, यात शंका नाही. मुके जनावर माजावर आणून त्याचा तमाशा करावयाचा, तो बंद पडला याचे आम्हांस यत्किंचितही दुःख नाही. परंतु खेळ गेला म्हणून त्याची आठवणही घरातून जावी काय?

गायकवाडांचे हत्ती जेथे बांधले जात, तो हत्तीखाना. आज बडोदेकरांचा ‘हाथीखाना’ म्हणजे धान्याची घाऊक बाजारपेठ. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्यासाठी घरोघरची मंडळी तेथे जातात. मूठभर गहू तळहातावर पसरून पाहावयाचा, घासाघीस गुजरातीत करावयाची, आणि पैसे मनातल्या मनात मोजावयाचे ते मराठीत! घरी आल्यावर गृहिणींनी त्याला एरंडेल चोळावयाचे. आमच्या लहानपणी तेथे जाताना वडील प्रत्येक खेपेस सांगत, “अरे, येथे हत्ती झुलत.” मग पोत्यांच्या उंच थप्प्यांच्या बोळांतून आम्ही भावंडे हत्ती शोधीत असू.

आजही रिक्षावाल्यास हाथीखाना म्हणावे, तो सरळ धान्यबाजारात नेऊन सोडतो. अगड म्हटले तर मात्र तो दोनदा विचारतो.