लातूर पॅटर्न चाकांवर चालवून पाहा

लातूरच्या कुठल्याही शिकवणीबाहेर उभ्या असलेल्या पोराला विचारा, रविवारच्या चाचणीत किती पडले? तो गुण सांगेल, त्याच्या आधीच्या रविवारचे सांगेल, कुठल्या धड्याने घात केला तेही सांगेल. त्याच घरातल्या धाकट्याला विचारा, हजार मीटर स्केटिंगला तुझी वेळ किती? तो आत जाऊन प्रमाणपत्र घेऊन येईल. त्यावर ‘तृतीय’ असेल, तारीख असेल, दोन सह्या आणि एक शिक्का असेल. वेळ नसेल.

नांदेड-लातूरकडे स्केटिंग नाही असं कुणी म्हणू नये. सकाळी शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर हेल्मेट, नी-पॅड घातलेली पोरं गोल फिरताना दिसतात. सुरुवात चार चाकांच्या क्वाडवर होते. ज्याला परवडतं तो पुढे एका ओळीत चाकं असलेलं इनलाइन घेतो. शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, त्यामुळे जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडीही आहे. पण या शिडीवर जिल्ह्याला हरलेल्या मुलाचं वर्ष दीड-दोन मिनिटांत संपतं. त्याला पुढची शर्यत थेट पुढच्या वर्षी. वर्षातून एकदाच परीक्षा घेणाऱ्या शिकवणीत आपण मुलाला घातलं असतं का?

बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्केटिंगचा जगातला हंगाम कसा चालतो, ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबरात विश्वचषक मालिका सुरू होते आणि हिवाळा संपेपर्यंत गावोगावच्या बर्फावर फिरते. पुरुषांचे मोठे पल्ले दोन, 5000 आणि 10000 मीटर. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, 400 मीटरचा; त्यावर साडेबारा किंवा पंचवीस लॅप. एका वेळी दोघेच सुटतात, प्रत्येक फेरीत आतली-बाहेरची लेन बदलतात आणि खरी झुंज घड्याळाशी असते. दोन्ही पल्ल्यांचे गुण एकाच तक्त्यात धरले जातात. अ गट आणि ब गट असतात. ब मध्ये चांगली वेळ दिली की वर, अ मध्ये घसरलं की खाली. म्हणजे एखादा शनिवार वाईट गेला तरी माणूस बाद होत नाही.

या खेळात वेगापेक्षा एकसारखेपणाला किंमत आहे. बीजिंगच्या 2022 च्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या निल्स व्हान देर पूलने 10000 मीटर 12 मिनिटे 30.74 सेकंदांत कापलं. पंचवीसने भागा, लॅपला तीस सेकंद आणि वर किंचित. पहिल्या फेरीला अंगात आलेली रग आणि चोविसाव्या फेरीला पायात उतरलेलं शिसं, दोन्ही त्याने सारख्याच मापात धरलं. त्यानंतर या पठ्ठ्याने आपलं सगळं प्रशिक्षण लिहून काढलं आणि कुणालाही वाचता येईल असं खुलं केलं: सायकलीवरचे तास, सुट्टीचे दिवस, शर्यतीच्या वेगाच्या फेऱ्या. तीन वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, इटलीच्या दाविदे गियोत्तोने कॅल्गरीत 12 मिनिटे 25.69 सेकंदांची वेळ देऊन त्याचा हा विश्वविक्रम मोडला. पाच सेकंद, पण पंचवीस फेऱ्यांत वाटले तर फेरीमागे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा. असा हिशेब रोजच्या नोंदीतूनच सुटतो.

यावर हमखास येणारा प्रश्न, आपल्याकडे बर्फ कुठाय? बर्फाचा ओव्हल तर अख्ख्या भारतात एकही नाही. डेहराडूनची रिंक आहे ती छोट्या, शॉर्ट ट्रॅकच्या शर्यतींची. पण लांब पल्ल्याचे कितीतरी नामवंत चाकांवरच घडले. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये 5000 मीटरचं सुवर्ण जिंकणारा चॅड हेड्रिक टेक्सासचा. आधी इनलाइनचा जगज्जेता, मग बर्फावर. बेल्जियमचा बार्ट स्विंग्ज तसाच. बीजिंगला मास स्टार्टचं, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीचं, सुवर्ण त्याचं. आपल्याकडचा विश्वराज जडेजा अहमदाबादच्या चाकांवरून नेदरलँड्सच्या बर्फावर गेला आणि आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून उतरला. उन्हाळ्यात डांबर वितळतं तिथली पोरं या खेळात चालतात, हे सिद्ध झालेलं आहे.

आणि बर्फाचं सोडा. चाकांवरचा लांब पल्ला हाच पुरेसा मोठा खेळ आहे. दोनशे मीटरच्या ट्रॅकवर 10000 मीटर म्हणजे पन्नास फेऱ्या. ‘पॉइंट्स-एलिमिनेशन’ मध्ये काही फेऱ्यांना पुढच्यांना गुण मिळतात आणि काही फेऱ्यांना शेवटचा बाहेर पडतो. वारा कापायला दुसऱ्याच्या पाठीमागे कधी दडायचं, कधी बाहेर पडायचं, हातचं किती राखायचं, हे सगळं त्या पंधरा-सोळा मिनिटांत. मॅरेथॉन 42 किलोमीटरची. नांदेडहून निघालेला स्केटर लोहा मागे टाकून अहमदपूरच्या दिशेला लागेल, एवढा पल्ला.

भारताने यात काय केलं तेही बघा. चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार 2021 मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत 15 किलोमीटरच्या एलिमिनेशनला दुसरा आला. 2 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या 3000 मीटर रिलेत भारताला ब्राँझ मिळालं. संघात आनंदकुमार, आर्यनपाल सिंग घुमान, आणि आपल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर शोभतील अशा नावांचे दोघे: विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे. त्याच शर्यतीत कोरियाच्या गड्याने रेषेआधीच हात वर केले आणि तैवानच्या गड्याने पाय पुढे सरकवून 0.01 सेकंदाने सुवर्ण नेलं. विजेत्यांची वेळ 4 मिनिटे 5.692 सेकंद, आपली 4 मिनिटे 10.128. साडेचार सेकंदांची ही दरी मोजलेली होती, म्हणूनच बुजवायचं ठरवता आलं. सप्टेंबर 2025 मध्ये चीनच्या बेईदाइहे इथे आनंदकुमार 1000 मीटरचा जगज्जेता झाला, आणि त्याच स्पर्धेत मॅरेथॉनही त्यानेच मारली.

चार वर्षांचा हा चढता आलेख एका जिल्हास्तरीय प्रमाणपत्रातून निघत नाही. आपल्याकडे मात्र प्रमाणपत्राला भलतंच वजन आलंय. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. ज्यांनी घाम गाळला त्यांना ते मिळायलाच हवं. पण कागदालाच भाव आला की खेळाचा कागद होतो, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिलेली आहेत. दुसरीकडे चिमुकल्यांना तासन्‌तास चाकांवर फिरवून कुठल्याशा ‘बुक’मध्ये ‘विश्वविक्रम’ नोंदवायची हौस. फ्लेक्स लागतो, आमदार येतात, पोरगं दमून झोपतं. त्यातून एकही लांब पल्ल्याचा स्केटर घडत नाही.

वेळापत्रकही उफराटं. शालेय स्पर्धा भर पावसाळ्यापासून सुरू होतात. ओल्या सिमेंटवर पॉलियुरेथेनची चाकं घसरतात, म्हणून शर्यती पुढे ढकलल्या जातात, मग एका दुपारी सगळ्या गटांच्या उरकल्या जातात. मराठवाड्यात स्केटिंगला खरी हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी: कोरडी जमीन, गार सकाळ. युरोपच्या बर्फावरचा हंगामही जवळपास तोच. निसर्गाने फुकट दिलेले हे चार महिने आपण बक्षीस वितरणात घालवतो.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आणि क्लबांना सुचवतो: मोठ्या क्रीडा संकुलाची वाट पाहू नका. वळणांवर उतार दिलेला (बँक्ड) ट्रॅक विभागाला एक हवाच, तो मागत राहा. तोवर दोनशे मीटरचा सपाट, गुळगुळीत ओव्हल आखा. महिन्यातून एक रविवार, एकदा नांदेडला, एकदा लातूरला. हजार, तीन हजार, पाच हजार मीटर. प्रत्येक मुलाची प्रत्येक फेरी घड्याळावर, नोंदवहीत. अ गट, ब गट. फेब्रुवारीअखेर चार महिन्यांच्या गुणांवर विजेता.

‘नीट’ची तयारी करणाऱ्या घरांत एवढा वेळ कुणाला, असं पालक म्हणतील. पण सतत चाचणी घ्या, चूक शोधा, पुन्हा बसवा, हा मार्ग, म्हणजेच ‘लातूर पॅटर्न’, याच गावांनी राज्याला शिकवला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीतल्या नावांमागे तीच रीत होती. ती पद्धत मेंदूला चालते तर मांड्यांना का चालू नये? उलट पंचविसाव्या फेरीलाही वेग न सोडणारं पोर तीन तासांच्या पेपरला शेवटच्या अर्ध्या तासात ढेपाळणार नाही.

लागणार काय? चुन्याची फक्की, दोन स्टॉपवॉच, एक जाड वही आणि वेळेवर येणारा माणूस. शेवटची गोष्ट मिळवणं अवघड आहे, हे मान्य. बाकीचा खर्च एका बक्षीस समारंभाच्या हारतुऱ्यांतून भागेल.