आजीच्या खोलीचे दार

अनेक रुग्णालयांत १२ वर्षांखालील मुलांना आत आणू नये अशी पाटी असते. संसर्गाचे भय आणि इतर रुग्णांची विश्रांती ही तिची कारणे रास्त आहेत. माझे भांडण आहे ते तीच पाटी आपण घरी आणून लावतो, याच्याशी. आजोबांनी अंथरूण धरले की त्यांच्या खोलीचे दार लोटले जाते आणि नातवाला दटावले जाते, ‘तिकडे जाऊ नकोस.’ त्यातून परीक्षा जवळ आली असेल, तर बोलायलाच नको! चाळीतल्या एका खोलीत लोटायला दारच नव्हते, एवढे तरी बरे होते.

माझ्या आईला स्मृतिभ्रंशाने गाठले तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. आजार तोच, १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ज्याचे पहिले वर्णन केले. त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर झिजतो. म्हणून सकाळचे पोहे पुसले जातात आणि बालपण मात्र शाबूत राहते. आई नातीला ‘शकू’ म्हणे. शकू ही तिची धाकटी बहीण, केव्हाच वारलेली. घरी येणारी मोठी माणसे तिची चूक दुरुस्त करू पाहत आणि ती कासावीस होई. मुलगी सरळ ‘ओ’ देई. मी विचारले, तर म्हणाली, ‘तेवढा वेळ मी शकू होते. त्यात काय?’

दोघी सागरगोटे खेळत. वार न सांगता येणाऱ्या आईचा हात वर उडवलेला सागरगोटा बिनचूक झेली. हातांच्या सवयी मेंदूत निराळ्या ठिकाणी मुरतात आणि पुष्कळ काळ टिकतात, असे डॉक्टर सांगतात. हे डॉक्टरांनी सांगण्याआधी नातीला ठाऊक झाले होते.

कुणी म्हणेल, कोवळ्या मनावर हा भार कशाला? शुश्रूषेचा भार मुलावर टाकू नये, हे खरेच. एका संध्याकाळी आईने तिला ढकलले, तेव्हा पोर घाबरली. ‘आजी नाही रागावली, तिचा आजार तसा आहे,’ एवढे सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी ती दारातून डोकावली. तिसऱ्या दिवशी आत गेली.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आजी-आजोबांची जबाबदारी नातवंडांवरही टाकतो, पण सज्ञान नातवंडांवर. सातव्या वर्षापासून ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याने अठराव्या वर्षी आत कोण आहे हे ओळखावे, ही अपेक्षा कायद्याची असेल. आपण ती कोणत्या तोंडाने करायची?

डॉक्टरांना विचारावे. संसर्गाचे भय नसेल, तर शाळेतून आलेल्या मुलाला पाव तास खाटेशी बसू द्यावे. गृहपाठाची वही घेऊन बसले तरी चालेल. आजोबांनी तोच प्रश्न चारदा विचारला, तर चारदा उत्तर देणे मुलांना आपल्याइतके जड जात नाही.